कुत्रीला घेऊन रानात फिरायचंय: संभाजीनगरच्या आसपास कुठं जावं, काय सांभाळावं?

बाजरीची_माय (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सव्वा वर्षाची गावठी कुत्री आहे. नाव बाजरी. गेल्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शहरातल्याच सातारा परिसरात एका बांधकामावरच्या सिमेंटच्या पाइपात भिजून कुडकुडत बसलेली सापडली. आईनं तिला जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून रात्रभर मांडीवर घेतलं, तेव्हापासून ती आमची. रंग बाजरीच्या भाकरीचा, पाठीवर करपल्यासारखा काळा पट्टा.

अडचण अशी की गल्लीत तिला फिरवणं फार जड जातं. प्रत्येक कोपऱ्यावर चार-पाच कुत्री बसलेली असतात. बाजरी शेपूट पोटाखाली घेऊन भिंतीला घासत चालते, कसंबसं उरकते आणि घराकडं ओढायला लागते. असं फिरून तिला काय मिळत असेल, हा विचार रोज मनात येतो.

मागच्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून पहाटे साडेपाचला तिला घेऊन खंडोबाच्या देवळामागून डोंगराकडं गेले. मंडळी, ती वेगळीच कुत्री होती! शेपूट वर, कान उभे. एका पळसाच्या बुंध्याशी थांबली ती चांगली दहा मिनिटं. मी ओढलं नाही. आधी खालची माती हुंगली, मग साल, मग मागच्या पायांवर उभी राहून जरा वरची साल. एक कान पुढं, एक मागं. सगळं झाल्यावर त्या बुंध्याला गाल घासला आणि माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर दुपारी चारपर्यंत झोपली. एरवी ती दुपारभर दाराशी कुईकुई करत असते.

तेव्हा ठरवलं, दर सुट्टीला हिला रानात न्यायचं. पण मी शहरात वाढलेले, रानातलं मला फारसं कळत नाही. गौताळ्याच्या अभयारण्यात नेता येईल का? तिला मोकळं सोडावं का? हाक मारली की घरात लगेच येते, बाहेर खात्री नाही. आणि गोचीड, साप, बिबट्या यांची आईला फार काळजी आहे. आपापल्या अनुभवातून सांगा. मोठं लिहिलंत तरी सगळं वाचेन.

---

शिवारातला (कन्नड तालुका)

ताई, बाजरी त्या बुंध्याशी थांबली आणि तुम्ही तिला ओढलं नाही, एवढं वाचूनच उत्तर लिहायला बसलो. माझी कारी नऊ वर्षांची आहे. काळी, गावठी, कपाळावर पांढरा टिळा. पहाटे आम्ही दोघं शिवारात जातो, आणि अजूनही ती रोज त्याच बांधावर तशीच थांबते, कारण रात्री तिथून कोण गेलं हे तिला नव्यानं कळायचं असतं. माझा अनुभव असा की दोन किलोमीटर पळून कुत्रं जेवढं निवांत होत नाही तेवढं अर्धा तास मनासारखं हुंगून होतं. तुमची बाजरी चारपर्यंत झोपली ते त्यामुळंच.

आधी गौताळ्याचं. आमचं गाव अभयारण्याच्या कडेला आहे. गौताळा-औट्रमघाट १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि तिथं पाळीव कुत्रं नेता येत नाही. नियम आहे म्हणून तर नेऊ नकाच, पण त्यामागचं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या कुत्र्यांच्या अंगात असलेले रोग रानातल्या जनावरांना जातात. गीरमध्ये २०१८ साली महिनाभरात वीसहून जास्त सिंह मेले, त्यातल्या काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तोच हा डिस्टेंपर, ज्याची लस आपण पिल्लांना देतो. आमच्या गौताळ्यात बिबटे आहेत, अस्वलं आहेत, २०२१ साली तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला. एवढ्या लांबून आलेल्या जनावराला आपल्या दारातला रोग देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. वेरूळ, दौलताबाद अशा संरक्षित स्मारकांच्या आतही कुत्रं नेता येत नाही, तेही ध्यानात असू द्या.

मग जायचं कुठं? रान म्हणजे फक्त अभयारण्य नव्हे. पांदण रस्ते आहेत, गायरान आहे, पाझर तलावाची भिंत आहे, ओढ्याचा काठ आहे. फुलंब्री, खुलताबाद, पैठण, कुठल्याही बाजूला शहर सोडून पंधरा-वीस किलोमीटर गेलात की अशी जागा सापडते. वावरात शिरायचं असेल तर मालकाला आधी राम राम घाला आणि विचारा. आत्ता कापूस वेचणीला आहे, तूर फुलोऱ्यात आहे. कुत्रं पिकात शिरलं तर माणूस चिडणारच, त्याचं बरोबर आहे. पण विचारून गेलात तर तोच माणूस "तिकडं जाऊ नका, तिकडं फवारणी झालीय" असं स्वतःहून सांगतो, आणि ती माहिती फार कामाची असते. कपाशीला फवारताना औषधाचं पाणी बादलीत, टिपात उघडं राहतं. तहानलेलं कुत्रं त्यात तोंड घालतं.

वनविभागाच्या जमिनीवर, म्हणजे सारोळ्यासारख्या ठिकाणी, आधी वनरक्षकाला विचारा. नाही म्हटलं तर नाही.

आता मोकळं सोडण्याचं. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कारी तीन वर्षांची, अंगात नुसतं वारं. त्या काळी मी तिला बिनदोरीची न्यायचो. गळ्यातला पट्टासुद्धा घरी खुंटीला असायचा. आमच्या शेजारच्या वावरात शेततळं आहे. २०१६ ला "मागेल त्याला शेततळे" योजना आली, तेव्हा आमच्या भागात बरीच झाली त्यातलंच. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चारी बाजूंनी उतार, पाणी तेव्हा निम्म्याला. सकाळचं ऊन नुकतं कागदावर आलेलं. पाण्यात दोन टिबुकल्या, म्हणजे बुड्या मारणारे छोटे पाणपक्षी, होत्या. एकीनं बुडी मारली आणि कारी धावत जाऊन पाण्यात पडली.

पोहायला ती पटाईत. टिबुकली कुठं निघून गेली, ही वळली आणि काठाला आली. पुढचे पंजे कागदावर टेकवले, आणि घसरली. पुन्हा टेकवले. नखांचा तो आवाज, ताई, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. पाण्यालगत कागदावर बोटभर शेवाळ. ती चढायची, छाती बाहेर काढायची आणि तशीच खाली जायची. मी वरून हाका मारतोय, म्हणून ती दुसऱ्या काठाला जायचं सोडून माझ्याच समोर परत परत चढत होती. पाच-सहा वेळा झाल्यावर तिचं डोकं पाण्यात खाली जायला लागलं. भुंकली नाही, ओरडली नाही, नुसती माझ्याकडं बघत होती.

मला पोहता येतं, पण त्या उतारावरून माणूसही वर येत नाही, आणि काठावर दुसरं कोणी नव्हतं. बांधावर ठिबकची जुनी नळी वेटोळं करून ठेवलेली होती. तिचा फास केला आणि टाकला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिची मान आणि एक पाय आत आला. नळीचं दुसरं टोक पाइपलाइनच्या व्हॉल्व्हला गुंडाळून मी पालथा पडलो आणि हाताला मानेची कातडी लागेपर्यंत ओढत राहिलो. वर आली तेव्हा पुढच्या पंजांची नखं मुळापासून उकललेली होती, आणि अंग झाडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडून राहिली. गळ्यात पट्टा असता तर पहिल्या फासातच हाताला काहीतरी लागलं असतं.

त्या वावराच्या मालकाला मी त्याच दिवशी भेटलो. आम्ही दोघांनी मिळून मोटारसायकलचे जुने टायर दोराला ओवले आणि चारी कोपऱ्यांवर पाण्यात सोडले. पुढच्या पावसाळ्यात त्यांना एक घोरपड त्या टायरांवरून चढून बाहेर येताना दिसली. त्यांनी मुद्दाम घरी येऊन मला सांगितलं. तुमच्या ओळखीत कोणाचं शेततळं असेल तर त्यांना एवढं करायला सांगा.

म्हणून माझं म्हणणं: दोरी सोडू नका. पण आखूड साखळीही नको. आठवडी बाजारात बैलाचा सुती कासरा मिळतो, पंचवीस फुटांचा घ्या. नायलॉनचा नको, ओढ बसली की हात भाजतो. दर पाच फुटांवर गाठ मारा, म्हणजे हातातून सरकताना थांबतो. आणि तो मानेला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा. पंचवीस फुटांत बाजरीला तिचा बुंधा, तिची ढेकळं, तिचं बोरीचं झुडूप सगळं मिळतं, आणि कठडा नसलेली विहीर आली तर ती तुमच्या हातात असते. आपल्याकडं गवतात झाकलेल्या जुन्या विहिरी किती आहेत, हे गावच्या माणसालाही सगळं ठाऊक नसतं.

कुसळाचंही सांगतो, कारण आत्ता त्याचा हंगाम आहे. दिवाळीनंतर माळावरचं कुसळी गवत पिकतं. एक कुसळ उन्हात धरून बघा. टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेची बारीक लव, आणि मागं लांब शेपूट पीळ घातलेलं. त्याला ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि टोक गिरमिटासारखं आत शिरतं. उलट्या लवेमुळं मागं येत नाही. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत ते असंच शिरतं. चालून आल्यावर चारही पंजे उजेडात उलटे धरा आणि एकेक बेचकं बोटानं फाकवून बघा. एकदम डोकं झाडायला लागली, एका बाजूला मान वाकडी धरली, तर कानात कुसळ आहे असं समजा आणि डॉक्टरकडं न्या. काडी घालून काढायला जाऊ नका, आणखी आत जातं.

बिबट्याचं तुमच्या आईंना सांगा की अंधारात जाऊ नका, दिसायला लागल्यावर निघा आणि दिवस मावळायच्या आत परत या. उभ्या उसाच्या कडेनं जाऊ नका. बिबट्याला कुत्रं सोपं पडतं, हे खरं आहे. कुत्रं तुमच्याजवळ आणि तुम्ही उजेडात असलात तर भिण्याचं फार कारण नाही.

---

कारवानवाली (चाकूर, जि. लातूर)

आमच्याकडं दोन कारवान आहेत, नर आणि मादी. आमच्या भागात ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाते. काकांनी कासऱ्याचं सांगितलं ते अगदी पटलं, पण कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांसाठी एक भर घालते. ही कुत्री नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करणारी. दूरच्या बांधावर ससा हलला की आपल्याला काही दिसायच्या आत यांचं अंग ताठ होतं, मान लांब होते, आणि मग हाक, शिट्टी, काहीही ऐकू येत नाही. आमची मादी एकदा हरभऱ्याच्या वावरातून सुटली ती दोन शिवं ओलांडून गेली. संध्याकाळी एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, सापडली, तिथल्या आजींनी तिला ताक-भाकरी घालून बाजेच्या पायाला बांधून ठेवलं होतं. त्या आजींचे उपकार मी विसरणार नाही.

अशा कुत्र्याला पंचवीस फुटांचा कासरा दिला तर ते पळत सुटून टोकाला येतं तेव्हा जोराचा हिसका बसतो, त्याच्या मानेलाही आणि आपल्या खांद्यालाही. मी आठ-दहा फुटांवर धरते. पळायला हवंच असतं त्यांना, म्हणून पीक निघाल्यावर भावाच्या वावरात, जिथं चारी बाजूंनी जाळी आहे, तिथं सोडते.

बाजरी गावठी आहे, पण सव्वा वर्षाची म्हणजे तिचं नेमकं काय काय जागं होतंय ते अजून कळायचंय. आणि ताई, पहिल्यांदा कुठंही न्याल तेव्हा मेंढपाळांचा वाडा बसलेला नाही ना, ते बघा. धनगरांची कुत्री मेंढरांसाठी जीव देणारी असतात, परक्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाहीत. त्यांची काही चूक नाही, ते त्यांचं काम करतात. लांबूनच वाट बदलायची.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

मला हे दोरीचं पटत नाही, स्पष्टच सांगतो. मी मुकुंदराजाच्या समाधीच्या बाजूनं दरीत उतरतो, बुट्टेनाथकडं जातो. माझा शेऱ्या पाच वर्षांचा आहे, कधी बांधला नाही. रानात नेऊन पण बांधूनच ठेवायचं तर त्याला नेलं काय अन् नाही नेलं काय? हाकेला येतो. त्याला तसं शिकवलंय.

बाजरीच्या माय, तुम्ही हे करा. खिशात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे ठेवा. ती स्वतःहून तुमच्याकडं बघेल ना, त्याच क्षणी नाव घ्या आणि तुकडा द्या. घरात, मग गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात. उशिरा आली तरी कधीही रागावू नका, आली म्हणजे आली. आणि फक्त घरी निघतानाच हाक मारत जाऊ नका, नाहीतर तिला कळतं की हाक म्हणजे मजा संपली. मधे मधे बोलवायचं, तुकडा द्यायचा, परत जा म्हणायचं. आम्ही चार महिने रोज हेच केलं.

---

शिवारातला (कन्नड तालुका)

बालाघाटी दादा, तुम्ही शिकवायची रीत सांगितली ती एकदम बरोबर आहे. मीही कारीला पुढं असंच शिकवलं, फक्त अंड्याऐवजी शेंगदाण्याचा कूट घातलेली भाकरी. बाजरीच्या मायनं हे जरूर करावं.

पण मला सांगा, पायाखालून ससा उठला तर शेऱ्या येतो का? आणि येत असला तरी तो परत येईपर्यंत वाटेत काय काय आहे? आमच्याकडं मक्याच्या, भुईमुगाच्या वावराला रानडुकरांसाठी तार असते. झटका मशीन असेल तर कुत्रं किंचाळून पळतं, पण जगतं. कोणी थेट लाइनचा करंट सोडलेला असेल तर जागीच मरतं, आणि तसं सोडणारे अजून आहेत. डुकरासाठी पिठात गुंडाळून गावठी बॉम्ब ठेवतात. आमच्या वस्तीवरचं एक कुत्रं त्यानं गेलं. मी त्या दिवशी तिथं होतो, त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत माळावर टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे आणि त्यात चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की मी कारीला जवळ घेतो आणि आल्या वाटेनं मागं फिरतो. मोकळं कुत्रं तिथं एका मिनिटात वर्षाची वीण संपवतं. माळावर खोकड आहेत, कुठं कुठं लांडगे उरलेत, काळवीट-चिंकारा आहेत. त्यांच्या मागं कुत्रं लागलं तर मारलं नाही तरी उन्हाळ्यात पळून पळूनच ते जनावर बसतं. शेऱ्यावर तुमचा जीव आहे हे दिसतंच आहे, म्हणून हक्कानं लिहिलं.

---

बालाघाटी (अंबाजोगाई)

ससा उठला तर नाही येत. खरं तेच सांगतो. तारेचं माझ्या ध्यानात होतं, पण दरीत शेती नाही म्हणून मी निर्धास्त होतो. टिटवीचं मात्र कधी मनात आलं नव्हतं. आमच्या वाटेवर उन्हाळ्यात टिटव्या फार ओरडतात. कासरा आणतो. वरच्या माळावर बांधून नेईन, दरीत बघू.

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक (परभणी)

ताई, आईंच्या काळजीचं मी सांगतो. बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आहेत.

लसी पूर्ण आहेत का ते आधी तपासा. रेबीजची दरवर्षी, आणि डिस्टेंपर-पार्व्होसोबत लेप्टोची. लेप्टोचं कारण असं की रानात ती डबक्याचं पाणी पिणार, आणि उंदराच्या मुतानं तो रोग डबक्यातून येतो. म्हणून घरचं पाणी न्या, निघताना पाजा, मधे पाजा. दुसऱ्या कुत्र्यानं, कोल्ह्यानं, मुंगसानं कोणीही चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी दवाखान्यात न्या. पुन्हा टोचावं लागतं.

गोचीड कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यात बसतो. चिमट्यानं कातडीला लागून धरायचा आणि सरळ ओढायचा. रॉकेल, काडेपेटीची काडी, हळद-तेल यातलं काही नको. जळाला की तो पोटातलं रक्तात ओकतो. काढलेला नखानं चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. महिन्याचं औषध, मानेवर टाकायचं किंवा गोळी, डॉक्टर वजन बघून देतात. गोचीड तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तेव्हा रक्त तपासून घ्या, दोन दिवस वाट बघू नका. माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी घरच्या घरी देऊ नका. ती देऊन मग दवाखान्यात आणलेली कुत्री मी फार बघितली, मूत्रपिंड आणि यकृत गेलेली.

साप चावला असं वाटलं, तोंड किंवा पाय भराभर सुजला, तर तिला चालवू नका. उचलून न्या. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. माणसाला जे प्रतिविष देतात, नाग-मण्यार-घोणस-फुरसं या चौघांवरचं, तेच कुत्र्यालाही चालतं. मात्र ते सगळीकडं ठेवलेलं नसतं. म्हणून जिकडं फिरायला जाणार तिकडच्या जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारून ठेवा. आमच्या परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्या बाजूच्या लोकांनी तो आधार ध्यानात ठेवावा.

होळीनंतर सकाळी आठच्या आत घरी. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांना काय होत असेल? जीभ रुंद होऊन बाहेर आली, लाळ दाट झाली, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर सावलीत घेऊन पोटावर, काखेत, जांघेत साधं पाणी ओतत वारा घाला, आणि तसंच ओलं ठेवून दवाखान्यात न्या.

---

बाजरीची_माय (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. शेततळ्याचं वाचताना ती मधेच उठून बाजरीच्या गळ्यातला पट्टा बघून आली.

लसीचं कार्ड काढून बघितलं तर लेप्टोचा दुसरा डोस राहिलेला होता. तो दुसऱ्याच दिवशी दिला. कासरा आणला, गाठी मारल्या. छातीचा पट्टा पहिले तीन दिवस घरातच घालून ठेवला, कारण ती त्यात पुतळ्यासारखी उभी राहायची.

काल फुलंब्रीच्या बाजूला, मैत्रिणीच्या मामांच्या गावी, पाझर तलावावर गेलो. मामांना विचारलं की फवारणी कुठं झालीय, तार कुठं आहे. त्यांनी काठीनं जमिनीवर शिवाराचा नकाशाच काढला आणि एक विहीर दाखवली. घाणेरीनं पूर्ण झाकलेली, मी दहा हातांवरून गेले असते तरी मला दिसली नसती. मग आम्ही पांदणीनं निघालो. पहिली पाच मिनिटं बाजरी माझ्या पायात पायात. मग एका हिवराखाली सशाच्या लेंड्या दिसल्या आणि तिचं सगळं अंग बदललं. कासरा हळूहळू सुटत गेला, एक गाठ, दोन गाठी, तीन. चौथ्या गाठीला ती थांबली आणि मागं वळून बघितलं. मी नाव घेतलं. धावत आली! अंड्याचा तुकडा दिला, "जा" म्हटलं, तर परत हिवराखाली.

तलावाच्या भिंतीवर बसून मी डबा खाल्ला, तिनं तिच्या वाटीतलं पाणी प्यायलं. तेवढ्यात पाण्यातून टिबुकली वर आली. बाजरी उठली, कासरा ताणला गेला, आणि माझ्या छातीत धस्स झालं. काका, तुमची कारीच डोळ्यासमोर आली. पण तिथं मातीचा उतार होता, आणि ती नुसती कान टवकारून बघत राहिली. टिबुकली बुडाली की मान पुढं, वर आली की मान मागं. असं बराच वेळ.

घरी येऊन पंजे उजेडात धरले. उजव्या मागच्या पायात दोन कुसळं होती, एक नुसतं केसांत अडकलेलं आणि एकाचं टोक कातडीत रुतलेलं. चिमट्यानं सरळ ओढलं. निवृत्त काका, डाव्या कानाच्या आत मसुराएवढा एक गोचीड पण होता. तोही तसाच निघाला, साबणाच्या पाण्यात टाकला. जागेवर बारीक लाल ठिपका राहिलाय. किती दिवस लक्ष ठेवू?